ऑर्थो, पॅरा आणि आप्पा

मंडळाच्या अंकासाठी 'काहीतरी लिहून द्या' असा संपादकांचा निरोप आला, की आमची तीन उत्तरं ठरलेली असतात. वेळ नाही, विषय नाही आणि आमचं शुद्धलेखन चांगलं नाही. या खेपेला तिन्ही फुकट गेली. कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवात आमच्या सौ.नी परस्पर जाहीर करून टाकलं, "यांचा लेख नक्की येणार, बॅक्टेरियावर." त्यावर एका वहिनींनी भाबडेपणाने विचारलं म्हणे, "म्हणजे दही कसं लावायचं त्यावर का?"

वहिनी, तुमचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. दूध घ्यायचं, कोमट करायचं, चमचाभर विरजण घालायचं आणि झाकून ठेवायचं. सकाळी दही तयार. ना अ‍ॅसिड, ना प्रेशर, ना शिफ्ट सुपरवायझर. हा लेख अशाच, पण दह्यापेक्षा जरा अवघड विरजणाविषयी आहे. आणि त्यात आमचे वडील, म्हणजे आप्पा, पुष्कळ ठिकाणी डोकावतील. त्याला आमचा इलाज नाही.

आम्ही पेशाने केमिकल इंजिनिअर. कुवैतला २००८ साली आलो. काम म्हणाल तर तेलाने नासलेली माती साफ करण्याचं. आमच्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "एवढा परदेशात शिकलास आणि तिकडे जाऊन माती उपसतोस?" असं ती म्हणायची. वाक्य बरोबर होतं, फक्त उपसण्याचं काम मशीन करतं आणि आम्ही शेजारी हेल्मेट घालून उभे असतो.

ही माती नासली कशी, हे मंडळातल्या जुन्या मंडळींना आम्ही काय सांगायचं? २ ऑगस्ट १९९० नंतर अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांतून मुंबईला परतलेली आणि नंतर हिमतीने पुन्हा इथे आलेली कुटुंबं आजही आपल्यात आहेत. नव्यांसाठी एवढंच सांगतो, की माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने १९९१ च्या फेब्रुवारीत सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग ६ नोव्हेंबर १९९१ रोजी विझली. पण ज्या विहिरींतून तेल नुसतंच उसळत राहिलं, ते वाळवंटात सखल जागी साचलं आणि त्याची तळी झाली. सुमारे ४९ चौरस किलोमीटर जमीन अशा तळ्यांखाली गेली. वरवरचं तेल पंपाने उपसलं गेलं, पण खाली मुरलेलं तसंच राहिलं. युद्धाच्या नुकसानभरपाईचा शेवटचा हप्ता कुवैतला जानेवारी २०२२ मध्ये मिळाला. एकूण रक्कम ५२.४ अब्ज डॉलर. पैशाचा हिशेब मिटला, मातीचा अजून चालू आहे.

या मातीवर पहिला मोठा प्रयोग कुवैत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्च या संस्थेने जपानी पेट्रोलियम संस्थेच्या साथीने बुरगान तेलक्षेत्रात केला. ते साल १९९४ च्या पुढचं. माती पसरायची किंवा तिचे ढीग लावायचे, तिला पाणी पाजायचं, नत्र आणि स्फुरदाचं खत घालायचं, उलथून हवा द्यायची आणि मातीतल्याच जिवाणूंना म्हणायचं, बसा पंगतीला. आमच्या कोकणातला शेतकरी हे ऐकून म्हणेल, "यात नवीन काय? शेणखताचा खड्डाच की!" खरं आहे. नवीन फक्त ताटातलं वाढप.

आता या ताटात काय काय असतं? क्रूड तेलात काही रेणू सरळ साखळीचे असतात. ते जिवाणूंचा वरणभात. लवकर संपतो. अवघड जागेचं दुखणं म्हणजे अ‍ॅरोमॅटिक संयुगं. बेन्झीन, टोल्युईन, नॅफ्थलीन (आपली डांबराची गोळी) आणि त्यांचे चार-चार, पाच-पाच कडी एकात एक अडकवलेले थोरले भाऊ. बेन्झीनचा रेणू म्हणजे सहा कार्बनांचा षटकोन. त्यातले सहा इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या मालकीचे नसतात, सगळे सगळ्यांचे. एकत्र कुटुंबच म्हणा ना. एकाला बाजूला काढून फितवायला गेलं, की बाकीचे पाच त्याला धरून ठेवतात. म्हणून हे कडं फोडायला फार कठीण.

आणि नेमकं हेच कडं फोडण्याचा, निदान त्याला काहीतरी चिकटवण्याचा उद्योग आमच्या आप्पांनी डोंबिवलीत तीस वर्षं केला.

* * *

आप्पा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात होते. कारखान्याचं नाव इथे सांगत नाही, तो आता नाहीही. तिथे टोल्युईनला नायट्रो गट लावायचे आणि त्यापासून पुढे रंगांच्या धंद्याला लागणारी टोल्युइडिनं करायची. आप्पा आधी ऑपरेटर होते, मग सुपरवायझर झाले. नायट्रिक आणि सल्फ्युरिक मिळून होणाऱ्या मिक्स अ‍ॅसिडमध्ये ही क्रिया चालते आणि ती भलतीच तापते. ब्राइनचं थंड पाणी अखंड फिरत ठेवावं लागतं. रात्रपाळीला आप्पा थर्मामीटरसमोर स्टूल टाकून बसायचे. घरी आले तरी बोटं आणि नखं पिवळी. लहानपणी आम्हाला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांची नखं पिवळीच असतात.

टोल्युईन म्हणजे बेन्झीनच्या षटकोनाला एका कोपऱ्यात मिथिलची शेंडी. नायट्रो गट आला, की तो शेंडीच्या शेजारच्या घरात बसतो, त्याला ऑर्थो म्हणायचं. एक घर सोडून बसला तर मेटा. समोरासमोर बसला तर पॅरा. अडचण अशी, की कुठे बसायचं ते तो आपल्याला विचारून ठरवत नाही. शंभर रेणू केले तर साधारण ६० ऑर्थो निघतात, ३६ पॅरा आणि उरलेले ४ मेटा. गिऱ्हाइकाला पॅरा हवा असला तरी ऑर्थो गळ्यात पडतोच. मग ऊर्ध्वपातन करा, गोठवून वेगळं करा, पुन्हा ऊर्ध्वपातन करा. आप्पा म्हणायचे, "बनवायला चार तास आणि भांडण सोडवायला चार दिवस." ऑर्थो आणि पॅरा त्यांच्या बोलण्यात घरच्यासारखे यायचे. "आज ऑर्थोने छळलं" हे वाक्य ऐकून शेजारच्या काकूंना बरेच दिवस ऑर्थो नावाचा कुणी मद्रासी साहेब असावा असं वाटत होतं.

आम्ही इंजिनिअर झालो आणि पुढच्या शिक्षणासाठी २००३ साली मँचेस्टरला गेलो. तिथे जैविक उत्प्रेरकांच्या विषयाला पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी फळ्यावर टोल्युईन काढलं. आम्हाला वाटलं, घरचं माणूस भेटलं! मास्तर म्हणाले, या एका रेणूला चार वेगवेगळे जिवाणू चार वेगवेगळ्या ठिकाणी धरतात. स्यूडोमोनास मेंडोसिनाची केआर-१ ही जात ऑक्सिजन नेमका पॅरा जागी लावते. बर्कहोल्डेरिया सेपॅशियाची जी-४ ही जात तो ऑर्थोला लावते. जपानात सापडलेला स्यूडोमोनास पुटिडाचा एक वाण कड्याला हातच लावत नाही, शेंडीलाच ऑक्सिजन जोडतो. आणि पुटिडाचाच एफ-१ हा वाण शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर, एकाच बाजूने, एका दमात ऑक्सिजनचे दोन्ही अणू बसवतो.

आमच्या डोळ्यांसमोर आप्पांचं स्टूल आलं. साठ, छत्तीस आणि चार!

त्याच आठवड्यात आम्ही घरी फोन करून हे उत्साहाने सांगितलं. फोनचे पैसे मिनिटामिनिटाला उडत होते. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, जंतूंकडून कसली इंजिनिअरिंग करवतोस? थंडीचा मफलर घालतोस ना?" विषय संपला. आम्ही जरा रागावलोच. घरात पुढे पंधरा वर्षं या विषयावर बोलणं झालं नाही.

मध्ये २००९ साल आलं. आप्पा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. लघवीतून रक्त गेलं. तपासणीत मूत्राशयात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "विडी-सिगरेट?" आप्पा म्हणाले, कधीच नाही. दुसरा प्रश्न, "कुठे कामाला होता?" आप्पांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

एका माणसाच्या बाबतीत अमक्यामुळेच झालं असं कुणी सिद्ध करू शकत नाही. तेव्हा आम्ही कुणावर खापर फोडत नाही. पण ऑर्थो-टोल्युइडिनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पक्कं मानलेलं आहे. बेन्झिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही त्याच वंशातली भावंडं त्याहून जुनी बदनाम. ज्या ऑर्थोने आयुष्यभर छळलं, तो निवृत्तीनंतरही घरी येऊन बसला, इतकंच.

गाठ दुर्बिणीतून काढली. मग डॉक्टरांनी सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, मूत्राशयात बीसीजी सोडलं. होय, तेच, बाळाच्या दंडावर टोचतात ते. क्षयाच्या जंतूचा निर्बळ केलेला चुलतभाऊ. तो आत गेला, की शरीराची फौज जागी होते आणि गाठीच्या उरल्यासुरल्या पेशींवर तुटून पडते. ही युक्ती १९७६ पासून माहीत आहे. म्हणजे ज्या जंतूंची आप्पांनी फोनवर टिंगल केली, त्यांच्यापैकीच एक जण त्यांच्या मदतीला आला. हे आम्ही त्यांना तेव्हा बोलून दाखवलं नाही. आजारी माणसाला टोमणे मारू नयेत.

* * *

२०१८ च्या फेब्रुवारीत आप्पा आमच्याकडे कुवैतला आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. पाऊस बरा झाला होता, वाळवंटात पिवळी फुलं आली होती. राष्ट्रीय दिन आणि मुक्तिदिन लागून आले म्हणून आम्हाला सुट्टी होती. पण आमच्या डोक्यावर एक रिपोर्ट होता. मातीच्या एका ढिगाचं काम 'पूर्ण' अशी सही करायची होती. एकूण तेलाचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली आला होता, सगळे खूश होते. खालच्या रकान्यात मात्र चार-पाच कड्यांच्या अ‍ॅरोमॅटिकचे आकडे फारसे हललेले नव्हते. त्या रकान्याची मर्यादा आमच्या कामाच्या करारात नव्हती. वरिष्ठ म्हणत होते, "करारात नाही ते तुला कशाला?" त्यांचंही खोटं नव्हतं. जिवाणूंनी वरणभात संपवला होता आणि सुपारी तशीच ठेवली होती.

त्या दिवशी संकष्टी नसतानाही नातीच्या हट्टापायी मोदक चालले होते. आप्पा टेबलाशी बसून साच्यातून मोदक काढायला मदत करत होते. रिपोर्टचे कागद शेजारी पडलेले. त्यांनी चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाले, "हे कडीवालं काय आहे? आमच्याच खानदानातलं दिसतंय."

"हो आप्पा. तुमच्या टोल्युईनचे थोरले काका."

"आणि हे तुझे जंतू फोडतात?"

पंधरा वर्षांनी का होईना, प्रश्न आला. आम्ही कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि षटकोन काढला. जिवाणूच्या पोटात विकर असतं, म्हणजे एन्झाइम. त्याच्या मध्यावर लोखंडाचा एक अणू. हवेतला ऑक्सिजन तो धरून ठेवतो. इलेक्ट्रॉन मात्र त्याला दुरून, हातोहात, पाण्याच्या बादल्या सरकवाव्यात तसे पोचवले जातात. लोखंडाभोवती एक खळगा असतो. षटकोन त्या खळग्यात एकाच पद्धतीने बसू शकतो. जो कोपरा लोखंडासमोर येतो, तिथेच ऑक्सिजन लागतो. हवेतला ऑक्सिजन असा थेट रेणूत जातो हे जपानच्या ओसामू हायाइशी यांनी १९५५ साली दाखवलं. त्याआधी शास्त्रज्ञांना वाटायचं, तो पाण्यातूनच येत असणार.

आप्पांनी हातातला साचा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे हा. पीठ कसंही कोंबा, कळी वरच येणार."

"अगदी बरोबर."

"तुझा तो पॅरावाला, तो पॅरा किती देतो?"

"शंभरात ९६ च्या आसपास."

आप्पा गप्प. मग त्यांच्यातला सुपरवायझर जागा झाला. "टेम्परेचर?"

"तीस अंश."

"ब्राइन?"

"नाही."

"स्पेंट अ‍ॅसिड?"

"नाहीच. पाणीच असतं नुसतं."

"मग कारखाने का नाही निघाले? मालक काय मूर्ख आहेत?"

हा खरा प्रश्न होता आणि याचं उत्तर देताना आम्ही वकिली केली नाही. टोल्युईन जरा जास्त झालं, की जिवाणू स्वतःच मरतो. तो जे क्रेसॉल तयार करतो, ते त्याला त्याहून विषारी. त्यामुळे सगळं पातळ पाण्यात करावं लागतं आणि एवढ्याशा मालासाठी पिंपभर पाणी हाताळावं लागतं. विकर पेशीतून बाहेर काढलं, की रुसतं. इलेक्ट्रॉनचा पुरवठा थांबला, की बसून राहतं. शिवाय आप्पांना हवा होता नायट्रो गट आणि हे लावणार ऑक्सिजन. बटाट्याला खरूज आणणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूकडे नायट्रो गट बसवणारं एक विकर आहे, हे २०१२ साली कळलं. तेही ट्रिप्टोफॅनच्या एका ठरावीक कोपऱ्यावर नेमकं बसवतं. पण टोल्युईनकडे ढुंकून पाहत नाही.

"जावयासारखं आहे म्हणायचं," आप्पा म्हणाले. "काम एक नंबर, पण मानपान फार."

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ऐकू येतंय हो मला. जावई नव्हे, मुलगाच तसा आहे."

तरी या जावयाला कामाला लावायची एक युक्ती आहे आणि ती आप्पांना फार आवडली. जिवाणू हे सगळं आपल्यासाठी करत नाही, पोटासाठी करतो. पहिलं विकर ऑक्सिजन लावतं, दुसरं पुढची पायरी करतं, तिसरं कडं फोडतं, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. सरकारी ऑफिसात फाईल टेबलाटेबलाने सरकते तसं. १९७० च्या सुमारास डेव्हिड गिब्सन या शास्त्रज्ञाने असा वाण मिळवला, की ज्यात दुसऱ्या टेबलावरचा कारकून कायमचा रजेवर. साहजिकच पहिल्या टेबलाजवळ फायलींचा ढीग! तो ढीग म्हणजे शेजारशेजारी दोन हायड्रॉक्सी गट लागलेला रेणू, तोही एकाच हाताचा. डावा-उजवा मिसळलेला नाही. साध्या रसायनांनी एका पायरीत असं करून दाखवणं आजही सोपं नाही. रसायनशास्त्रज्ञांनी पुढे हे रेणू घेऊन औषधांसारखे नाजूक रेणू बांधले. म्हणजे स्वस्त ढोबळ मालासाठी ही वाट परवडत नाही, पण जिथे किलोला सोन्याचा भाव आहे आणि चुकीचा जोडीदार चालत नाही, तिथे परवडते.

मग निळीची गोष्ट निघाली, कारण रंगाच्या धंद्यातल्या माणसाला ती सांगायलाच हवी. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ साली कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली आणि आपल्या बिहार-बंगालातली निळीची शेती हळूहळू बसली. चंपारणचा १९१७ चा सत्याग्रह त्या निळीच्या शेवटच्या वर्षांतला. १९८३ साली अमेरिकेत एन्स्ली आणि सहकाऱ्यांनी नॅफ्थलीन खाणाऱ्या स्यूडोमोनासची जनुकं साध्या ई. कोलाय जिवाणूत घातली आणि थाळीतले ठिपके चक्क निळे झाले. डांबरगोळीचं कडं धरणारं विकर, समोर इंडोल आल्यावर त्यालाही त्याच पद्धतीने ऑक्सिजन लावून बसलं आणि नीळ झाली. कारखान्याच्या निळीला ही अजून मागे टाकू शकलेली नाही. पण आप्पा कितीतरी वेळ, "जंतू निळे झाले?" असं नातीला सांगत राहिले. नातीला वाटलं, आजोबा कृष्णाची गोष्ट सांगतायत.

* * *

रात्री नात झोपल्यावर आम्ही बाल्कनीत बसलो. आप्पांना आम्ही साइटवर नेऊ शकत नव्हतो, पास लागतो. म्हणून तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगितली. तेलाने काळ्या पडलेल्या जमिनीच्या कडेला वसंतात एक पिवळ्या फुलांचं रोप उगवतं. कुवैत विद्यापीठातल्या समीर रदवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, की अशा रोपांची मुळं उपटून पाहिली तर ती स्वच्छ असतात आणि मुळालगतच्या वाळूत तेल खाणाऱ्या जिवाणूंची दाटी असते. आम्हीही एकदा पाहिलं. आजूबाजूला डांबर आणि मूळ मुळ्यासारखं पांढरं. आपल्या अ‍ॅनिमेटेड सिनेमांत शोभेल असं दृश्य. कुणी पेरलं नाही, कुणी खत घातलं नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही आम्ही सांगितलं. आनंदमोहन चक्रवर्ती या आपल्या बंगाली शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेलाचे अनेक घटक खाणारा स्यूडोमोनास जुळवला. त्याच्या पेटंटसाठी खटला थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. सजीवाला पेटंट मिळालं, जगभर गाजावाजा झाला. पण तो जिवाणू सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही. इकडे वाळवंटातला बिनपेटंटचा, बिननावाचा गडी मुळाशी बसून आपलं काम करत होता.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑर्थोला उठाव नसला, की आम्ही काय करायचो माहीत आहे?"

आम्ही म्हटलं, "पिंपं भरून ठेवत असाल."

"जागा असेपर्यंत. शेवटचं धुतलेलं पाणी, तळाचा गाळ, हे सगळं कुठे जाणार? रात्रपाळीला नाला पिवळा व्हायचा. कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. सुपरवायझर मीच होतो."

२०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा आप्पा निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. पण त्या दिवशी त्यांनी गॅलरीतून हात बाहेर काढून पाहिला आणि जेवले नाहीत, असं आई आम्हाला फोनवर म्हणाली होती. तेव्हा अर्थ कळला नव्हता.

आम्ही विचारायला नको होतं, तरी विचारलं. "मग सोडून का नाही दिलीत नोकरी?"

"तुझं मँचेस्टर होतं ना," आप्पा म्हणाले. तक्रार म्हणून नाही. हिशेब सांगावा तसं.

आम्हाला त्या फळ्यावरचं टोल्युईन आठवलं. चार जिवाणू आणि चार जागा ऐकून आम्ही हरखलो होतो. तो फळा बघायची फी आप्पांनी साठ, छत्तीस आणि चारमधून भरली होती. आणि आम्ही फोनवर रागावलो होतो.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात 'सिलेक्टिव्हिटी' हा एक आकडा असतो. हवा तो माल भागिले एकूण माल. उरलेल्याचं काय होतं, ते पुस्तक 'बायप्रॉडक्ट' एवढ्या एका शब्दात उरकतं. खरं तर ते कुठेतरी जातंच. नाल्यात, नखांत, नाहीतर मूत्राशयात. साच्यात न बसलेलं पीठ आपल्या ओट्यावर पडलं तर फडकं मारता येतं. नाल्याला फडकं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपली. आम्ही रिपोर्टवर सही केली, पण 'पूर्ण' या शब्दाखाली नाही. शेरा लिहिला, की एकूण तेल मर्यादेत आहे, मात्र चार आणि अधिक कड्यांची अ‍ॅरोमॅटिक संयुगं उरली आहेत. ढिगाला आणखी पाणी, खत व हवा द्यावी. वरिष्ठांनी आम्हाला बोलावून घेतलं. अर्धा तास जे काही ऐकलं, ते इथे छापण्यासारखं नाही. शेवटी तीन महिने वाढवून मिळाले. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. काही आकडे चांगले उतरले. सगळ्यात चिवट होते ते थोडे हलले आणि तसेच बसून राहिले. ढिगाचा तो भाग शेवटी अस्तर लावलेल्या खड्ड्यात गेला. जिवाणू देव नाहीत. त्यांना वेळ लागतो आणि सगळं जमतं असंही नाही. पण जे उरलं ते उरलं असं कागदावर आलं. आमच्या पुढच्या कामांत तो खालचा रकाना आम्ही मागून घेतो.

आप्पा मार्चमध्ये परत गेले. जाताना मोदकाचा साचा मागून नेला. डोंबिवलीत साचे मिळत नाहीत असं नाही, पण आम्ही काही बोललो नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. हल्ली फोनला पैसे पडत नाहीत म्हणून आप्पा मनसोक्त बोलतात. "अरे, पेपर वाचलास का? साच्यावाल्या बाईला नोबेल मिळालं!" आम्हाला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. फ्रान्सिस आर्नल्ड. विकराचा खळगा पिढ्यान्पिढ्या थोडा थोडा बदलत, निवड करत, हव्या त्या कामाला तयार करण्याच्या पद्धतीसाठी त्यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला होता. आप्पांनी बातमी कापून ठेवली होती.

"आमच्या वेळी असतं तर," ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तो ढीग झाला का साफ?"

"सगळा नाही, आप्पा."

"असू दे. लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"मग झालं."

आप्पा आता शहात्तर वर्षांचे आहेत. दर वर्षी दुर्बिणीची तपासणी होते. अजूनपर्यंत ठीक. नखं मात्र कधीच पांढरी झाली आहेत. हे आमच्या सौ.नी गेल्या दिवाळीत पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. आम्ही इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं.

तेव्हा वहिनी, दही कसं लावायचं ते या लेखात आलं नाही याबद्दल क्षमस्व. ते पुढच्या अंकात सौ. लिहितील, असं आम्हीही आता परस्पर जाहीर करून टाकतो.